दोन कानांचा कप

निवृत्तीनंतर माणसानं काहीही करावं, पण चिखलात हात घालू नये, असं मापकाकांच्या खालच्या मजल्यावरचे वकील नेहमी म्हणायचे. वकील स्वतः निवृत्तीनंतर काहीच करत नसत, त्यामुळे त्यांच्या मताला वजन होतं. आणि वजन म्हटलं की मापकाका विरघळायचे. उभी हयात त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, मापात पाप करणाऱ्याची चामडी सोलायची, आणि घरी येऊन निवांत झोपायचं. थोडं जास्त भरलं तर चालेल पण कमी भरता कामा नये, हा त्यांचा धर्म होता. असा माणूस मातीकामाच्या वर्गाला गेला हेच मुळात नवल, आणि तिथे त्याच्यावर आळ यावा हे तर अतीच झालं.

पण सुरुवात साधी होती. काकूंना एक कप हवा होता. खरं तर काकूंनी मागितलाही नव्हता, त्या काही मागणाऱ्यांतल्या नव्हेतच. आदल्या वर्षी त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण हाताची पकड गेली ती गेलीच. एका हाताने भरलेला कप उचलायचा म्हणजे अर्धा चहा बशीत आणि उरलेला साडीवर. काकूंच्या मैत्रिणींची दर महिन्याला बैठक असे, आळीपाळीने एकेकीच्या घरी. मनगटानंतर काकू एकदाच गेल्या, कुणाच्या तरी भरतकाम केलेल्या उशीवर चहा सांडून आल्या, आणि मग दर महिन्याला त्यांचं डोकं दुखायला लागलं. आता पाळी त्यांच्या स्वतःच्या घरची होती. एके दिवशी काकांनी त्यांना फोनवर बोलताना ऐकलं. त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे येणार आहेत गं, पुढच्या वेळी बघू, असं त्या सांगत होत्या. पाहुणे कुठले आणि काय! लग्नापासून ज्या बाईने कधी खोटं बोलून दाखवलं नाही, ती एका कपापायी खोटं बोलत होती. 

दोन्ही हातांनी धरता येईल असा दोन कानांचा कप आणायचा, एवढंच काम. काका बाजारात निघाले. पहिल्या दुकानात बदकांची चित्रं असलेला प्लास्टिकचा बाळकप दाखवला, वर चोखायच्या टोपणासकट. दुसऱ्या दुकानदाराने बराच विचार करून माळ्यावरून एक चषक काढला. त्याला दोन कान होते यात वाद नाही, पण त्यावर 'उपविजेता' असं कोरलेलं होतं. तो घरी नेऊन काकूंना उपविजेत्या ठरवण्याची काकांची छाती झाली नाही. शेवटी घराजवळच्या छंदवर्ग केंद्रावर मातीकामाची पाटी दिसली आणि त्यांनी ठरवलं की आपणच करू. त्यात काय एवढं?

त्यात काय एवढं, हे पहिल्याच आठवड्यात न्हाणीघराच्या मोरीने सांगितलं. काका हात धुवायचे, माती खाली जायची आणि नळीत जाऊन बसायची. प्लंबर येऊन गेला. वकील वर येऊन, माझ्या छताला ओल आली तर मी नाइलाजाने नोटीस देईन, असं अत्यंत प्रेमाने सांगून चहा पिऊन गेले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी कप विकत घ्या आणि दुसरा कान चिकटवा, असा तोडगा सुचवला. तोडगा वाईट नव्हता, पण तोवर काकांचा मान त्यात अडकला होता.

वर्ग शिकवायला एक तरुण ताई होती. तिचा स्वभाव गोड होता, पण काकांचं काम बघितलं की तिच्या तोंडून फक्त 'हं' निघायचं. 'वा' हा शब्द तिने डॉक्टरांसाठी राखून ठेवला होता. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, तेही निवृत्त. त्यांच्या वाट्या इतक्या पातळ की उजेडात धरल्या तर पलीकडची बोटं दिसावीत. खिडकीजवळच्या चाकावरून त्यांचं आणि काकांचं पहिल्याच दिवशी बिनसलं होतं. ते एकच चाक न कुरकुरता फिरायचं. काका आधी येऊन तिथे पिशवी ठेवायचे, तर डॉक्टर त्याच्याही आधी येऊन चष्म्याचं घर ठेवून जायचे. शिवाय येता-जाता काकांच्या भांड्यावर नखाने टिचकी मारून, 'इन्स्पेक्टर, हा कप आहे की खलबत्ता?' असं विचारायची त्यांना खोड होती. काकांनी एकदा उलट सुनावलं की तुमची वाटी माझ्या तराजूवर ठेवली असती तर दंड झाला असता. वर्ग हसला, डॉक्टर हसले नाहीत. तेव्हापासून उभा दावा.

तिसरी वल्ली हेडबाई. अनेक वर्षं मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे वर्गात कुणीही शिकवत असो, शिस्त त्याच लावायच्या. त्या एक घुबड करत होत्या, चांगलं हातभर उंच आणि आतून पोकळ. ताईने घुबडाच्या बुडाशी एक छोटं भोक पाडायला लावलं. पोकळ वस्तू बंद ठेवली तर आतली हवा आणि वाफ भट्टीत अडकते आणि वस्तू फुटते, असं तिने समजावून सांगितलं. हेडबाईंना ते भोक मुळीच आवडलं नाही. विद्येचं प्रतीक आणि त्याला बुडाशी छिद्र, हे त्यांना अशोभनीय वाटत होतं. तरी नियम म्हणजे नियम. ताईच्या देखत त्यांनी भोक पाडलं आणि वर्गाकडे रागाने बघितलं.

इकडे काकांचा कप तयार झाला. दोन कान, रुंद बूड, भिंती भक्कम. वर्गाची खोली दमट होती, भांडी लवकर वाळत नसत. काकांना धीर धरवेना. कप त्यांनी घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाला ठेवला. काकूंनी तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, 'भक्कम आहे हो.' त्या एका वाक्यावर काका आठवडाभर तरंगत होते.

भट्टी लावायच्या दिवशी कप नेताना धक्का लागू नये म्हणून तो आधी प्लास्टिकच्या पिशवीत घातला, मग काकूंनी दिलेल्या टॉवेलात गुंडाळला. टॉवेल काकांचा अंघोळीचा, अजून ओलसर. पोचायला उशीर झाला. ताई भट्टीचं दार लावणार तेवढ्यात काकांनी घाईघाईने टॉवेल सोडला, कप बाहेर काढला आणि वरच्या फळीवर घुबडाच्या शेजारी ठेवला. हेडबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी टॉवेल पाहिला.

भट्टी थंड झाल्यावर दार उघडलं तेव्हा वरच्या फळीवर नुसता खच होता. घुबडाचा एक डोळा शाबूत होता, तो सगळ्यांकडे एकटक बघत होता. डॉक्टरांच्या वाटीचे दोन तुकडे झाले होते. काकांच्या कपाचा एक कान तेवढा ओळखू येत होता. ताईने हळू आवाजात सांगितलं की एखादं भांडं ओलं राहिलं असेल तर असं होतं, फुटतं एक आणि शेजारची सगळी घेऊन जातं. झालं. हेडबाईंनी बोट उचललं.

'मी पाहिलंय. यांनी ऐन वेळी ओल्या टॉवेलातून ओला कप काढून आत ठेवला.'

काकांनी पिशवीचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं. पण मुख्याध्यापिकेने एकदा बोट दाखवलं की वर्गातला प्रत्येक जण आपल्यावर आलं नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकतो, आणि मग दुसऱ्याचं ऐकायला कुणी उरत नाही. हेडबाईंची साक्ष सांगता सांगता वाढतही गेली. आधी कप ओलसर होता, मग ओला झाला, चहाच्या सुट्टीपर्यंत त्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं हो, घुबड गेल्याचं दुःख त्यांच्याकडून बोलून घेत होतं. पण आळ तो आळच.

मग डॉक्टर उठले. आपल्या वाटीचे दोन तुकडे हातात घेऊन ते काकांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, 'इन्स्पेक्टर, आयुष्यभर लोकांची मापं काढलीत ना? आता तुमचं माप मी काढतो. हा सगळा खच मी घरी नेणार, तुकड्याला तुकडा जोडणार, आणि कुठलं भांडं आतून फुटलं ते वर्गापुढे ठेवणार. मग पळून जाऊ नका.'

काका म्हणाले, 'मी इथेच आहे.'  ज्या माणसाने आयुष्यभर दुकानदारांना घाम फोडला, त्याला त्या दिवशी घाम पुसायला तोच टॉवेल वापरावा लागला. हेडबाई म्हणाल्या, बघा, अजून ओलाच आहे.

तक्रार व्यवस्थापकांकडे गेली. हे गृहस्थ केंद्राच्या कोपऱ्यातल्या खोलीत पंख्याखाली बसत आणि कुठल्याही प्रश्नाला 'नियमात बसवून घेऊ' असं म्हणत. त्यांनी काकांना भट्टीबंदी केली. चौकशी होईपर्यंत काकांचं एकही भांडं भट्टीत जाणार नाही. सत्रात भट्टी आता एकदाच लागायची होती, काकूंच्या बैठकीच्या जेमतेम आधी. त्यानंतर ती दुरुस्तीला जाणार. वर एक नवीनच कलम निघालं. कच्चं भांडं ही केंद्राची मालमत्ता, ती परवानगीशिवाय घरी कशी नेली? परवानगी कुणाची घ्यायची असते, असं काकांनी विचारलं. भांडारपालाची. भांडारपाल कुठे आहेत? ती जागा बरीच वर्षं रिकामी आहे. म्हणजे जो माणूस नाहीच त्याची सही घ्यायला हवी होती? व्यवस्थापकांनी मान डोलावली आणि, तसं लेखी द्या, नियमात बसवून घेऊ, म्हणाले.

घरी येऊन काका जेवले नाहीत. वकील वर आले आणि अब्रुनुकसानीच्या दाव्याचं त्यांना इतकं स्फुरण चढलं की त्यांनी घुबडाला सहप्रतिवादी करायचं ठरवलं. वहिनींनी, एक सॉरी म्हणून टाका आणि मोकळे व्हा, असा सल्ला दिला. त्यावर काकू पहिल्यांदा चिडल्या. केलं नाही त्याचं सॉरी कशाला? टॉवेल मी दिला होता, पिशवीची गाठ मी मारली होती, चला, मी येते साक्ष द्यायला. त्या खरोखर साडी बदलून केंद्रावर गेल्या. पत्नीची साक्ष नियमात बसत नाही असं ऐकून परत आल्या. येताना जिन्यात त्यांनी काकांचा हात धरला आणि म्हणाल्या, 'कप नको मला. तुमचं हे तोंड बघवत नाही.' त्यांनी मैत्रिणीला पुन्हा फोन लावला. पाहुणे नक्की येणार आहेत, असं ठरलं.

काका त्या दिवशी खिडकीपाशी बसून राहिले. ज्या जागी कप वाळत होता तिथे एक गोल पांढरट डाग पडला होता. त्यांनी तो पुसला नाही.

आणि एके दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात डॉक्टर. हातात बुटांचं खोकं. काकांना वाटलं, आला, घरी येऊन जखमेवर मीठ चोळायला आला. पण शत्रू असला तरी दारातून परत कसा पाठवायचा? आत या म्हणाले. डॉक्टर आत आले आणि खोकं मांडीवर ठेवून बसले. दाढी वाढलेली, डोळे लाल. तुकडे जोडता जोडता त्यांनी जेवणखाणही सोडलं असावं.

मग त्यांनी खोकं उघडलं. आधी बाहेर आला काकांचा कप. तुकड्याला तुकडा जोडून, दोन्ही कानांसकट अख्खा उभा केलेला. 'कपात काही दोष नाही,' डॉक्टर म्हणाले. 'सगळ्या भेगा बाहेरून आत गेल्यात. शेजारून मार बसला. जड आहे, पण निर्दोष आहे.'

मग त्यांनी घुबडाचं बूड काढलं. त्याच्या मधोमध एक वाटाण्याएवढा ठिपका होता, भोवतालच्या खरबरीत मातीपेक्षा गुळगुळीत, कडा अगदी साफ. भोक बुजवलेलं होतं. नुसतं बुजवलेलं नव्हतं, वरून घासून चमकवलेलंही होतं.

'हे कुणी केलं?' काकांनी विचारलं.

डॉक्टरांनी खाली मान घातली. 'असं फिलिंग या गावात एकच माणूस करतो,' ते म्हणाले. 'इन्स्पेक्टर, भोक दिसलं की माझा हात थांबत नाही. आयुष्यभर तेच केलं. मी चाक रिकामं व्हायची वाट बघत होतो, घुबड शेजारी उलटं वाळत होतं. कधी भरलं, कधी पॉलिश केलं, मला आठवतही नाही. तुकडा हातात आला तेव्हा ओळखलं.'

 हे काय ऐकतो आहोत ते काकांना उमजायला वेळ लागला. तो एक तुकडा हा माणूस कचऱ्याच्या डब्यात टाकू शकला असता. कुणाला कळलं नसतं. हेडबाईंना नाही, ताईला नाही, काकांना तर जन्मात नाही. उलट तो वाढलेल्या दाढीने भर उन्हात खोकं घेऊन वैऱ्याच्या घरी आला होता. काकांना रागवायचं होतं, मनात वाक्यं जुळवूनही ठेवली होती. पण ते उठले आणि त्यांनी पंखा मोठा केला. 

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोन कप, आणि स्वतःसाठी अर्धाच भरलेला स्टीलचा पेला. तो त्या दोन्ही तळव्यांत धरून, चटका बसत असतानाही हळूहळू प्यायल्या. डॉक्टर बघत होते. जोडलेल्या कपाच्या दोन कानांकडे त्यांनी पाहिलं, काकूंच्या मनगटाकडे पाहिलं, आणि चहा तसाच ठेवून उठले. 'उद्या सगळ्यांसमोर सांगतो,' एवढं म्हणून गेले.

आणि सांगितलं. वर्गाच्या मधोमध उभं राहून, तुकडा दाखवून, स्वतःच्या तोंडाने. व्यवस्थापक म्हणाले, आरोपी बदलला तर चौकशी पहिल्यापासून करावी लागेल, नियमात बसवायला हवं. पण तोवर हेडबाई उठल्या होत्या. त्यांनी हात वर केला. होय, ज्या बाईने उभ्या आयुष्यात दुसऱ्यांना हात वर करायला लावला, तिने स्वतः हात वर केला आणि ताईने मान डोलावेपर्यंत खाली घेतला नाही. 'मी टॉवेल पाहिला होता,' त्या म्हणाल्या. 'कप नाही पाहिला. बाकीचं मी माझ्या मनाचं सांगितलं. माझं चुकलं.' मग व्यवस्थापकांकडे वळून त्यांनी असं काही बघितलं की भट्टीबंदी जागच्या जागी उठली, आणि भांडारपालाचं कलम पुन्हा कुणी काढलं नाही. भट्टीच्या शेवटच्या फेरीत नव्या घुबडासाठी त्यांनी जागा मागून ठेवली होती, तीही त्यांनी कपाला देऊन टाकली.

पण कप कुठे होता? पुन्हा करायचा होता, आणि वेळ थोडा. डॉक्टरांनी खिडकीजवळच्या चाकावरचं आपलं चष्म्याचं घर उचललं आणि काकांना तिथे बसवलं. स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसले. भिंत पातळ करा, म्हणायचे. काका थोडी माती काढायचे. अजून. काका अजून थोडी काढायचे. प्रत्येक वेळी आपण गिऱ्हाइकाचं माप मारतो आहोत असं वाटून काकांचा जीव खालीवर व्हायचा. एवढी माती काढून घेतली तर उरलं काय, असं ते एकदा कळवळून म्हणाले. डॉक्टर म्हणाले, कप उरला. कान मात्र काकांनी स्वतः लावले, त्यात कुणाला हात लावू दिला नाही. आणि भट्टी लावताना ताईने डॉक्टरांना हात मागे बांधून उभं केलं. ते हूं की चूं न करता उभे राहिले.

भट्टी उघडली तेव्हा कप फळीवर सुखरूप होता. किंचित तिरका, एक कान दुसऱ्यापेक्षा जरा वर, पण सुखरूप. ताई 'वा' म्हणाली. काकांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

पाहुणे रद्द झाले असं काकूंनी मैत्रिणींना कळवलं आणि बैठक ठरल्याप्रमाणे झाली. काका आतल्या खोलीत दाराआड उभे होते, वर्तमानपत्र उलटं धरून. बाहेर बायकांचा कलकलाट चालू होता. चहा आला. काकूंनी दोन्ही कान धरले, कप उचलला आणि बोलता बोलता प्यायल्या. कुणी थांबून पाहिलं नाही. एकीने तेवढं विचारलं, कुठून गं घेतलास, मलाही हवा. काकू म्हणाल्या, हा मिळत नाही. मग कसल्याशा विनोदावर सगळ्या हसल्या, त्यांत काकू सगळ्यांत मोठ्याने हसल्या, आणि एक थेंबही सांडला नाही. काकांना उलटं वर्तमानपत्रही दिसेना, इतके डोळे भरून आले.

बैठक उठल्यावर कप विसळताना काकांनी सहज विचारलं, 'पहिला कप असाच झाला असता, नाही?'

काकूंनी ट्रे पुसून ठेवला. मग म्हणाल्या, 'आता सांगते. तो मी उचलला ना, तेव्हाच कळलं होतं. रिकामाच उचलवत नव्हता हो, चहा घालून काय उचलणार? पण तुम्ही इतके खूश होतात. मी ठरवलं होतं, आला की म्हणायचं, इतका छान आहे, चहाला कशाला, मी यात पेनं ठेवीन. आणि पेला होताच की माझा.'

काका हातातला कप तोलत उभे राहिले. पहिला कप भट्टीतून धडधाकट आला असता तर जन्मभर त्यात पेनं राहिली असती, काकू पेल्याचे चटके सोसत राहिल्या असत्या आणि त्यांना कधी कळलंही नसतं. त्यांनी कप अलगद फळीवर ठेवला. मग कमी भरलेल्या वजनापायी आयुष्यात पहिल्यांदाच मापकाकांनी हात जोडले. आधी देवाला, मग डॉक्टरांना, मग हेडबाईंना, आणि शेवटी, कुणी बघत नाही असं बघून, त्या घुबडालाही.